दोन वर्षे नैसर्गिक प्रसाधने वापरूनही वांगाचे डाग का गेले नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या भगिनी ३४ वर्षांच्या आहेत. दुसऱ्या बाळंतपणानंतर त्यांच्या दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर तपकिरी वांग उमटला. हनुवटीवर अधूनमधून मुरुमे येतात आणि बरी होताना काळे डाग ठेवून जातात. ‘चेहऱ्याला रसायने लावायची नाहीत’ असे ठरवून त्यांनी दोन वर्षे कोरफडीचे जेल, कुंकुमादी तेल, ‘नैसर्गिक’ म्हणून विकले जाणारे क जीवनसत्त्वाचे सीरम, आठवड्यातून दोनदा हळद-बेसनाचे उटणे आणि मध-लिंबाचा लेप असा क्रम नेटाने पाळला. डाग गेले नाहीत, गालांवरचे तर थोडे गडदच झाले. आता त्या विचारतात की आपले काही चुकले का, नैसर्गिक म्हणून विकले जाणारे सगळेच फसवे असते का, आणि उरलेल्या बाटल्यांचे काय करायचे.

मी नाशिकमध्ये त्वचारोगांवर उपचार करते आणि ही निराशा माझ्या दवाखान्यात जवळजवळ रोज समोर बसलेली असते. म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते: तुमचे चुकलेले नाही. दोन वर्षे रोज न कंटाळता काळजी घेणाऱ्या व्यक्तीला शिस्त कमी पडली असे कोणी म्हणू शकणार नाही. ज्या वस्तूंकडून तुम्ही औषधाच्या कामाची अपेक्षा ठेवलीत, त्या मुळात औषध म्हणून तयारच झालेल्या नव्हत्या. आपल्याकडे १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात सौंदर्यप्रसाधनाची व्याख्या आहे. त्यानुसार स्वच्छ करणे, सुंदर दिसण्यास मदत करणे, आकर्षकता वाढवणे किंवा रूप बदलणे एवढेच त्याचे काम. आजार बरा करणे हे त्या व्याख्येत नाही. वांग आणि मुरुमे या दोन्ही वैद्यकीय तक्रारी आहेत. त्यामुळे खरा प्रश्न ‘नैसर्गिक की रासायनिक’ हा नसून, माझ्या चेहऱ्यावर नेमके काय झाले आहे, त्यावर कोणता घटक काम करतो, तो या बाटलीत पुरेशा प्रमाणात आणि टिकेल अशा रूपात आहे का, आणि तो काम करत असताना डाग पुन्हा गडद करणारे कारण मी थांबवले आहे का, असा आहे.

चेहरा न पाहता काही गोष्टी मी सांगू शकत नाही. तुम्ही वर्णन केलेले डाग वांगाचेच वाटतात, पण केसांच्या रंगातील किंवा सुगंधी द्रव्यांतील घटकांच्या ॲलर्जीमुळेही गालांवर आणि कपाळाच्या कडेला काळपट-करडी झाक येते व तिला वांग समजून वर्षानुवर्षे चुकीचे उपचार होतात. रंगद्रव्य त्वचेच्या वरच्या थरात आहे की खोल उतरले आहे, यावरही उपचाराला किती यश येईल ते ठरते. ते डर्मोस्कोपने, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने, पाहावे लागते. तुम्ही गर्भनिरोधक गोळ्या घेता का, पाळी नियमित आहे का, आईला किंवा बहिणीला वांग आहे का, स्तनपान अजून चालू आहे का, यांपैकी कोणत्याही उत्तराने माझा सल्ला बदलेल. पुढे जे लिहिते आहे ते या मर्यादेत वाचावे.

वांगामध्ये त्वचेतील रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी अतिसंवेदनशील झालेल्या असतात. संप्रेरकांतील बदल आणि आनुवंशिकता ही पार्श्वभूमी तयार करतात, पण त्या पेशींना रोज डिवचण्याचे काम प्रकाश करतो. अतिनील किरणांबरोबरच डोळ्यांना दिसणारा प्रकाश, विशेषतः त्यातला निळा-जांभळा भाग, आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत डाग गडद करतो, आणि साध्या सनस्क्रीनने तो फारसा अडत नाही. तो अडवायला लोहाचे ऑक्साइड, म्हणजे रंगीत सनस्क्रीनमधला तांबूस-पिवळसर भाग, उपयोगी पडतो. खिडकीच्या काचेतून अतिनील किरणांतला यूव्हीए हा प्रकार आणि दृश्य प्रकाश दोन्ही आत येतात, त्यामुळे ‘मी तर उन्हात जातच नाही’ हे वाक्य वांगाच्या बाबतीत पुरेसे नसते. स्कूटरवर बांधलेला पातळ सुती स्कार्फ धूळ अडवतो, प्रकाश मात्र बराचसा आत येऊ देतो. तुमच्या क्रमात पाच गोष्टी होत्या, पण प्रकाश अडवणारी एकही नव्हती. मला विचाराल तर दोन वर्षांत डाग न हलण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. सनस्क्रीनशिवाय वांगावर जगातले सर्वोत्तम औषध लावले तरी रोज सकाळी ते पुसले जाते.

आता तुमच्या वस्तूंकडे एकेक करून पाहू. लिंबापासून सुरुवात करते, कारण त्याने कदाचित नुकसानही केले असेल. क जीवनसत्त्व डागांवर उपयोगी आहे, हे खरे. मात्र त्यासाठी सीरममध्ये ॲस्कॉर्बिक आम्ल साधारण १० ते २० टक्के असावे लागते आणि ते त्वचेत शिरण्यासाठी द्रावणाचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) ३.५ च्या खाली असावा लागतो. १०० ग्रॅम लिंबाच्या रसात क जीवनसत्त्व असते साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम, म्हणजे एका टक्क्याचा विसावा भागही जेमतेम. उलट लिंबातले सिट्रिक आम्ल त्वचेला झोंबते, आणि आपल्या कागदी लिंबात फ्युरोकूमारिन नावाची द्रव्ये असतात, जी त्वचेवर असताना ऊन लागले की भाजल्यासारखा दाह करतात. हा दाह ओसरला की मागे काळे पट्टे राहतात. ओठाच्या बाजूला किंवा हातावर ओघळाच्या आकाराचा डाग घेऊन येणाऱ्या रुग्णांना मी आता सवयीनेच विचारते, ‘लिंबू पिळलं होतं का?’

उटण्याची अडचण वेगळी आहे. हळदीतील कर्क्युमिन प्रयोगशाळेत दाह कमी करते, यात शंका नाही. पण हळदीत ते थोड्या टक्क्यांतच असते, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि प्रकाशात विघटित होते. दहा मिनिटांच्या लेपातून त्वचेच्या आत जाणारा त्याचा वाटा नगण्य असतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बेसन सुकल्यावर आपण ते चोळून काढतो, आणि घर्षणाने वांग वाढतो. दिवाळीच्या पहाटे अंगाला उटणे लावण्याला माझा काडीचाही विरोध नाही. वांग असलेल्या गालांवर आठवड्यातून दोनदा चोळण्याला आहे. टॉवेलने खसाखसा चेहरा पुसण्याची सवयही त्याबरोबर सोडावी.

कोरफडीच्या गरात ९८ टक्क्यांहून अधिक पाणी असते. तो गार वाटतो, ओलावा देतो, उन्हाने चुरचुरणाऱ्या त्वचेला आराम देतो. वांगाचा रंग फिका करण्याइतकी ताकद बाजारातल्या जेलमध्ये नसते. कुंकुमादी तेलाबद्दल मी सावधपणे बोलेन, कारण वैद्य प्रकृती पाहून, मात्रा ठरवून एखादे तेल देतात तेव्हा तो उपचार असतो आणि त्यावर मत देणे हा माझा अधिकार नाही. पण मुरुमांची प्रवृत्ती असलेल्या हनुवटीवर रोज रात्री तेलाचा थर ठेवला तर नवी मुरुमे येण्याची शक्यता वाढते, आणि प्रत्येक नवे मुरूम आपल्या वर्णाच्या त्वचेवर एक नवा डाग असतो. म्हणजे गालांसाठी लावलेले तेल हनुवटीवरचे डाग वाढवत असण्याची शक्यता आहे.

राहिले सीरम. त्याची बाटली तुम्ही उघडून पाहा. क जीवनसत्त्व हवा आणि प्रकाश लागताच बिघडू लागते. पारदर्शक बाटलीतले, आधी पाण्यासारखे किंवा फिकट पिवळे असलेले द्रावण नारिंगी-तपकिरी झाले असेल तर त्याचा उपयोग संपला आहे. ते महिनोन्‌महिने न्हाणीघराच्या फळीवर ठेवून वापरले असेल, तर शेवटचे बरेच दिवस तुम्ही चेहऱ्याला केवळ आम्लट पाणी लावत होता.

लेबल वाचण्याची एक रीत मी रुग्णांना दवाखान्यातच शिकवते. मोबाइलच्या कॅमेऱ्याने घटकांची यादी मोठी करून घ्यावी आणि वरून खाली वाचत जावे. आपल्याकडच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. आता ही सीमारेषा यादीत छापलेली नसते, पण फिनॉक्सिइथॅनॉल हे परिरक्षक, म्हणजे माल टिकवणारे द्रव्य, बहुतेक बाटल्यांत असते आणि त्याची कमाल मर्यादा एक टक्का आहे. त्याचे नाव जिथे आले, त्याच्या खालचे सगळे एक टक्का किंवा त्याहून कमी समजावे. पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत केशर, चंदन, मंजिष्ठा आणि ज्येष्ठमध छापलेली, पण मागे ती चारही नावे फिनॉक्सिइथॅनॉलच्या आणि सुगंधाच्याही खाली असलेली बाटली मी अनेकदा पाहिली आहे. तिच्यातला मुख्य माल पाणी, ग्लिसरीन आणि घट्टपणा आणणारा गोंद हा असतो. ग्लिसरीन उत्तम ओलावा देते, त्यामुळे पहिल्या आठवड्यात चेहरा तजेलदार दिसतो आणि आपल्याला वाटते की गुण येतो आहे. ‘नैसर्गिक’ या शब्दाची व्याख्या या नियमांत नाही. आयएसओ १६१२८ या आंतरराष्ट्रीय मानकात तर नैसर्गिक घटकांची टक्केवारी काढताना पाणीही मोजण्याची मुभा आहे, त्यामुळे ‘९५ टक्के नैसर्गिक’ या आकड्यात बराचसा भाग निव्वळ पाण्याचा असू शकतो. आयुर्वेदिक औषधाच्या परवान्याखाली विकल्या जाणाऱ्या उत्पादनांवर घटकांबरोबर त्यांची मात्राही छापावी लागते, तेव्हा तशी बाटली असेल तर केशराच्या पुढचा आकडा जरूर पाहावा.

मग नैसर्गिक म्हणून विकले जाणारे सगळेच फसवे का? नाही, आणि हे मी मनापासून सांगते, कारण निराश झालेली माणसे दुसऱ्या टोकाला जाऊन दुकानातून कोणतेही ‘स्ट्राँग’ मलम उचलतात, ते मला अधिक भीतीचे वाटते. बावचीपासून मिळणाऱ्या बाकुचिऑलची रेटिनॉलशी, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या एका रूपाशी, तुलना करणारी एक चाचणी २०१९ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ डर्मेटॉलॉजी’त प्रसिद्ध झाली. ४४ जणांनी १२ आठवडे ०.५ टक्के बाकुचिऑल दिवसातून दोनदा किंवा ०.५ टक्के रेटिनॉल एकदा लावले. सुरकुत्या आणि डाग दोन्हींत सारखेच कमी झाले, आणि रेटिनॉलने त्वचा अधिक सोलवटली व चुरचुरली. चाचणी लहान आहे, पण नीट केलेली आहे. टी-ट्री तेलाचे ५ टक्के जेल मुरुमांवर बेन्झॉइल पेरॉक्साइड या नेहमीच्या औषधाच्या तुलनेत हळू पण खरोखर काम करते, हे ऑस्ट्रेलियात १२४ रुग्णांवर केलेल्या चाचणीतून १९९० सालीच दिसले होते. ज्येष्ठमधातील ग्लॅब्रिडिन रंगद्रव्य बनवणाऱ्या विकराला (एन्झाइमला) अडवते. ॲझेलाइक आम्ल गहू-बार्लीत असते, आपल्या त्वचेवर राहणारी बुरशीही ते बनवते, आणि १५ ते २० टक्के प्रमाणात ते मुरुमे व वांग या दोन्हींवरचे माझे आवडते औषध आहे. मात्र ट्यूबमधले ॲझेलाइक आम्ल कारखान्यात बनते आणि त्यामुळे त्याचा गुण तसूभरही कमी होत नाही. या सगळ्या उदाहरणांत वनस्पतीतला किंवा निसर्गातला एक रेणू ओळखला गेला, वेगळा काढला गेला, त्याचे प्रमाण ठरले आणि तो माणसांवर तपासला गेला. बावचीचेच पाहा: तिच्या बियांत सोरॅलेन असते, जे उन्हात त्वचा भाजते. शुद्ध केलेले बाकुचिऑल चेहऱ्याला चालते, बावचीची घरगुती पूड किंवा तेल चालत नाही.

निसर्गातले म्हणजे निर्धोक, हा समज तर महाराष्ट्रातल्या माणसाने बाळगण्याचे कारणच नाही. बिब्ब्याचे तेल अंगाला लागले की काय होते, हे आपल्या खेड्यांत लहान मुलालाही ठाऊक असते. गाजरगवताची आपल्या देशातली नोंद १९५० च्या दशकात पुण्यात झाली आणि आज त्याच्या ॲलर्जीने चेहरा, मान, कोपरांच्या खोबणी काळ्या-जाड झालेले शेतकरी मी नेहमी पाहते. या रुग्णांना मी एक गोष्ट आवर्जून सांगते: गाजरगवताच्या कुळातल्या शेवंती, कॅमोमाईल यांसारख्या वनस्पतींचे अर्क असलेली क्रीम त्यांनी टाळावीत, कारण एकाची ॲलर्जी दुसऱ्याला लागू होऊ शकते. ‘संवेदनशील त्वचेसाठी कॅमोमाईलयुक्त’ असे लिहिलेली ट्यूब अशा माणसासाठी नेमकी चुकीची ठरते. सुगंधी तेलांतील लिमोनीन आणि लिनॅलूल ही द्रव्ये हवा लागून जुनी झाली की त्यांच्यापासून ॲलर्जी आणणारे पदार्थ बनतात, म्हणून जुनी, अर्धी वापरलेली बाटली नव्या बाटलीपेक्षा अधिक त्रासाची असते.

याहून गंभीर बाब म्हणजे भेसळ. ‘हर्बल’ म्हणून विकलेले एखादे क्रीम आठवड्याभरात चेहरा उजळवत असेल तर आनंद मानू नये, शंका घ्यावी. त्यात न छापलेले स्टेरॉइड किंवा पारा असू शकतो. स्टेरॉइडने त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते आणि क्रीम बंद करताच चेहरा लालबुंद होऊन पुरळ येते. पारा त्वचेतून शरीरात जातो. २०२३ साली केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात गोरेपणाच्या क्रीममुळे मूत्रपिंडाचा विकार झालेले रुग्ण एकापाठोपाठ सापडले, तेव्हा ही बाब देशभर पोचली. अशा क्रीमवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक किंवा बॅच क्रमांक नसेल तर ते अजिबात लावू नये. आधीच लावत असाल तर एकाएकी बंद करून घरी बसण्यापेक्षा क्रीम घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे, आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रारही करावी. तुमच्या वर्णनात असे क्रीम नाही, तरीही हे लिहिते, कारण निराशेनंतरची पुढची खरेदी बहुतेकदा हीच असते.

आता तुम्ही काय करावे ते. आधी तीन-चार आठवडे सगळे थांबवा. सौम्य, बिनवासाचा फेसवॉश, साधे मॉइश्चरायझर आणि दिवसा रंगीत सनस्क्रीन एवढेच ठेवा. साबण हाताने बनवलेला, कोरफडीचा, कसलाही असला तरी तेल आणि क्षार यांच्यापासून बनलेल्या खऱ्या साबणाचा सामू ९ ते १० असतो आणि त्वचेचा ५ च्या आसपास, त्यामुळे तो चेहऱ्यासाठी नको. सनस्क्रीन तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत काढलेल्या दोन ओळींइतके घ्या. त्याहून कमी घेतले तर बाटलीवर लिहिलेले संरक्षण मिळत नाही. बाहेर असाल तर दोन-तीन तासांनी पुन्हा लावा. घरात खिडकीजवळ काम असेल तरी सकाळचे चुकवू नका.

त्यानंतर एकच औषधी घटक सुरू करा, एका वेळी एकच, म्हणजे गुण कशाने आला आणि त्रास कशाने झाला ते कळेल. तुमच्या दोन्ही तक्रारी पाहता मी बहुधा ॲझेलाइक आम्लापासून सुरुवात केली असती. स्तनपान चालू असेल किंवा पुन्हा गर्भधारणेचा विचार असेल तरी ते चालते, रेटिनॉइड, म्हणजे रेटिनॉलच्या गटातली औषधे, मात्र अशा वेळी मी देत नाही. ॲझेलाइक आम्ल आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्या. पहिले सात दिवस कोपराच्या खोबणीत दिवसातून दोनदा लावून पाहा. खाज, लाली नसेल तर चेहऱ्यावर एक दिवसाआड सुरू करा. मुरुमांना ८ ते १२ आठवडे द्या, वांगाला तीन ते सहा महिने. दर महिन्याला त्याच खिडकीशी, त्याच वेळी फोटो काढा, कारण रोज आरशात पाहणाऱ्याला हळूहळू होणारा बदल दिसत नाही. वांग हा पुन्हा उलटणारा विकार आहे. तो फिका करता येतो, ताब्यात ठेवता येतो, पण ‘कायमचा घालवू’ असे जो सांगेल त्याच्याकडे पैसे देऊ नका. हनुवटीवरची मुरुमे पाळीच्या आधी वाढत असतील, पाळी अनियमित असेल किंवा चेहऱ्यावर केस वाढले असतील तर संप्रेरकांची तपासणी आधी करून घ्या. तिथे वरून लावलेले कोणतेही मलम, नैसर्गिक असो वा नसो, एकटे पुरे पडणार नाही.

उरलेल्या बाटल्यांबद्दल. कोरफडीचे जेल मुदतीत असेल आणि त्याने चुरचुरत नसेल तर हातापायांवर, उन्हातून आल्यावर वापरून टाका. कुंकुमादी तेल कोपर, गुडघे, टाचा अशा कोरड्या जागी चालेल. हनुवटी आणि गालांवर नको. सीरमचा रंग तपकिरी झाला असेल तर ते टाकून द्या, फिकट असेल आणि त्यावर प्रमाण छापलेले असेल तर बाटली डॉक्टरांना दाखवायला घेऊन जा. लिंबू आणि मध स्वयंपाकघरात परत ठेवा. वापरातल्या सगळ्या वस्तूंचे, केसांच्या रंगाचेसुद्धा, मागच्या बाजूचे फोटो काढून पहिल्या भेटीला जाताना बरोबर न्या. डॉक्टरांचा निम्मा वेळ वाचेल आणि ॲलर्जीची शक्यताही तिथेच तपासता येईल.